अठ्ठाविसावं चालू

१२ ऑक्टोबर १९६९. अमेरिकेत डेट्रॉइटच्या डब्ल्यूकेएनआर रेडिओवर रस गिब हा निवेदक गाणी लावत होता. एका श्रोत्याचा फोन आला. बीटल्स या इंग्लिश बँडचा पॉल मॅकार्टनी मेलाय, पटत नसेल तर त्यांचं 'रेव्होल्यूशन ९' उलटं वाजवून बघ, असं त्याचं म्हणणं. गिबने तबकडी उलटी फिरवली. 'नंबर नाइन' या शब्दांच्या जागी 'टर्न मी ऑन, डेड मॅन' ऐकू आलं, आणि रेडिओचे फोन खणखणू लागले.

कहाणी अशी : पॉल १९६६ मध्ये मोटार अपघातात गेला आणि बाकीच्या तिघांनी गुपचूप एक हुबेहूब माणूस आणून उभा केला. आपल्याकडे याला शब्द तयारच आहे, तोतया. पानिपतानंतर सदाशिवरावभाऊंच्या नावाने एक जण उभा राहिला आणि १७७६ मध्ये त्याला देहान्त शिक्षा झाली. तिथे गेलेला माणूस परत आल्याचं लोकांना हवं होतं. इथे जिवंत, धडधाकट माणसालाच चाहते तोतया ठरवत होते.

फोननंतर दोनच दिवसांनी मिशिगन विद्यापीठाच्या विद्यार्थी दैनिकात फ्रेड लाबूर या विद्यार्थ्याने बीटल्सच्या 'ॲबी रोड' या नव्या तबकडीचं परीक्षण लिहिलं. त्यात पुराव्यांची रास होती आणि बरेचसे पुरावे त्याने स्वतःच रचलेले होते. तोतयाचं 'विल्यम कॅम्बेल' हे नावही त्याचंच. पुढे टीव्हीवर या प्रकरणाचा लुटुपुटूचा खटला भरला, तेव्हा आपण हे मनाने लिहिलं असं त्याने वकिलाला सांगितलं. खटला तरीही झाला.

सगळ्यात बहारीचा पुरावा 'ॲबी रोड'च्या मुखपृष्ठावरचा. चौघे रस्ता ओलांडताहेत. पॉल अनवाणी, म्हणजे प्रेत. मागे उभ्या फोक्सवॅगनची पाटी 'एलएमडब्ल्यू २८१ एफ'. यातला १ हा इंग्रजी 'आय' समजायचा, म्हणजे '२८ इफ' : जगला असता तर २८ वर्षांचा असता. पण १८ जून १९४२ चा जन्म, म्हणजे तेव्हा त्याला २७ पूर्ण होती. त्यावर तोडगा निघाला की भारतात वय गर्भापासून मोजतात! बीटल्स १९६८ मध्ये ऋषिकेशला राहून गेले होते, तेवढा धागा पुरला. आपल्या आजीने एवढंच म्हटलं असतं, 'सत्तावीस पूर्ण, अठ्ठाविसावं चालू.' आणि ८ ऑगस्टला त्या रस्त्यावर एकूण सहा फोटो काढले गेले. पहिल्या दोनांत पॉलच्या पायांत सँडल आहेत.

आधी बाण मारायचा, मग तो रुतला तिथे वर्तुळ काढायचं, असा हा खेळ. शेकडो मिनिटांचं संगीत आणि डझनभर मुखपृष्ठं हाताशी असली की बाण कुठे ना कुठे रुततोच.

पण उलट्या गाण्यात ते शब्द खरोखर ऐकू येतात, त्याचं काय? कॅनडातल्या जॉन व्होकी आणि डॉन रीड या मानसशास्त्रज्ञांनी १९८५ मध्ये उलट्या बोलण्यावरचे प्रयोग प्रसिद्ध केले. बोलणारा पुरुष की स्त्री हे लोकांना ओळखता आलं, अर्थ मात्र कळला नाही. अमुक वाक्य ऐका असं आधी सांगितलं, की तेच वाक्य बहुतेकांना ऐकू आलं. एसटी स्टँडवर हा प्रयोग आपण नेहमी करतो. कर्णा घरघरत असतो, आणि साताऱ्याला जायचं असलं की प्रत्येक घोषणेत 'सातारा'च ऐकू येतं. आवाज फाटका असला की मेंदू तो अपेक्षेने शिवतो. गिबच्या श्रोत्यांना फोनवाल्याने दोरा आधीच ओवून दिला होता.

चेहऱ्यांचं प्रकरण याहून गमतीचं. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात ब्रिटिश लोकांना नेदरलँड्समधल्या दोन प्रसिद्ध व्यक्तींचे ४० फोटो दिले आणि माणसागणिक ढीग करायला सांगितले. बरोबर उत्तर दोन. पण लोकांनी सात-आठ, नऊ असे ढीग केले! डच लोकांना ते चेहरे रोजचे; त्यांचे बहुधा दोनच ढीग झाले. कॅमेरा जवळ आणला की नाक मोठं दिसतं आणि कान मागे जातात. प्रकाश बदलला की गालफडं बदलतात. जेमतेम ओळखीच्या चेहऱ्यात एवढा फरक मेंदूला पेलत नाही. चाहत्याला पॉल पाठ असतो खरा, पण पोस्टरवरचा. कॅनडाची गायिका ॲव्हरिल लव्हीन हिच्याबद्दलही अशीच अफवा आहे; तिथेही फोटोच शेजारी ठेवले जातात, नाकं मोजली जातात आणि 'मेलिसा' नावाची तोतया सापडते.

घरचं माणूसच तोतया वाटणं हा एक खरा विकारही आहे. फ्रान्समध्ये जोसेफ काप्ग्रा आणि त्यांच्या सहकाऱ्याने १९२३ मध्ये एका बाईंची हकीकत नोंदवली. नवरा आणि मुलं यांच्या जागी दुसरेच कोणी आणलेत, अशी तिची खात्री होती. अशा रुग्णांना चेहरा ओळखता येतो, पण त्यासोबत उमटणारी आपुलकीची लहर येत नाही. जवळच्या माणसाचा फोटो पाहून आपल्या तळव्यांना किंचित घाम सुटतो, त्वचेतून वीज जरा सहज वाहते. काही रुग्णांच्या चाचण्यांत ती वाढ दिसली नाही. चेहरा तोच आणि मन गप्प, मग मेंदू जुळवून घेतो : हा तो नव्हेच.

चाहते आजारी नव्हते. पण २९ ऑगस्ट १९६६ ला सॅन फ्रान्सिस्कोत शेवटचा मोठा कार्यक्रम करून बीटल्सनी दौरे थांबवले, मिशा वाढवल्या, आणि संगीत ओळखू येईना इतकं बदललं. ती जुनी लहर उठत नाही याचं कारण कुणाला तरी शोधावंसं वाटलं असणार, असा माझा कयास आहे.

अखेर 'लाइफ' मासिकाचे लोक पॉलच्या स्कॉटलंडमधल्या शेतावर पोचले. चिडलेल्या पॉलने त्यांच्यावर बादलीभर पाणी फेकलं, मग मुकाट्याने कुटुंबासह फोटो दिला. ७ नोव्हेंबरच्या मुखपृष्ठावर तो झळकला. चाहत्यांनी ते पान उजेडासमोर धरलं. मागच्या बाजूला मोटारीची जाहिरात होती, आणि गाडी बरोबर पॉलच्या अंगावरून गेलेली दिसत होती.

१९९३ मध्ये पॉलने स्वतःच त्याच रस्त्यावर कुत्र्यासोबत फोटो काढून आपल्या नव्या तबकडीवर छापला. मागच्या गाडीची पाटी : '५१ इज'. आजीच्या हिशोबाने बावन्नावं चालू.