घोड्याची फेरी

घोड्याची फेरी : बुद्धिबळाच्या पटावर एकट्या घोड्याने अडीच घरांच्या चालीने, कोणतेही घर दुबार न घेता, ६४ घरे पुरी करण्याचे कूट. शेवटच्या घरातून पहिल्या घरात चाल बसली, तर फेरी बंद, एरवी खुली.

रुद्रट या काव्यशास्त्रकाराच्या काव्यालंकार या संस्कृत ग्रंथातील (सु. ९वे शतक) तुरगबंधात (घोड्याच्या चालीने वाचायचा श्लोक) अर्ध्या पटाची फेरी आहे. आठ-आठ अक्षरांचे चार चरण सरळ वाचा वा घोड्याच्या क्रमाने, श्लोक तोच. मराठवाड्याचा संबंध पैठणमार्गे येतो. पैठणहून काशीला गेलेल्या भट्ट घराण्यातील नीलकंठाच्या भगवंतभास्कर ग्रंथात, त्याच्या नीतिमयूख या भागात, बुद्धिबळाच्या नियमांसोबत अशा फेऱ्या दिल्या आहेत. हा ग्रंथ इ. स. १७०० च्या सुमाराचा असण्याची शक्यताही मांडली गेली; पण नीलकंठाचे आजोबा नारायणभट्ट यांचा जन्म १५१३ चा, त्यामुळे धर्मशास्त्राचे इतिहासकार पां. वा. काणे यांना मान्य असलेला १७व्या शतकाचा पूर्वार्ध अधिक सयुक्तिक वाटतो. यूरोपात ऑयलरने १७५९ मध्ये याचे गणिती विवेचन केले.

प्रोग्रॅमिंगमध्ये हे कूट आठ वजिरांच्या कोड्याच्या (एकमेकांना न मारणारे आठ वजीर पटावर मांडणे) जोडीने बॅकट्रॅकिंग, म्हणजे वाट खुंटली की मागे येऊन दुसरी चाल करून पाहणे, शिकवण्यासाठी वापरतात. ८×८ च्या अ‍ॅरेत (घरांच्या तक्त्यात) सर्वत्र −१, म्हणजे ‘मोकळे’, भरून आरंभाच्या घरात ० आणि पुढे प्रत्येक घरात चालीचा क्रमांक लिहायचा. मग आठही चाली क्रमाने तपासायच्या : घर पटावर आहे का, हे आधी; ते मोकळे आहे का, हे नंतर. हा क्रम उलटला तर सी भाषेत अ‍ॅरेबाहेरची मेमरी वाचली जाते. वाट खुंटली की त्या घरात पुन्हा −१ लिहून मागे यायचे. नेमकी हीच ओळ विसरली जाते. मग सोडलेली घरे भरलेलीच दिसतात आणि प्रोग्रॅम ‘उत्तर नाही’ म्हणून मोकळा होतो.

कोड बिनचूक असूनही चालींचा क्रम वाईट असेल तर तासन्‌तास उत्तर येत नाही. त्यावर वार्न्सडोर्फचा नियम (१८२३) : ज्या घरातून पुढे सर्वांत कमी मोकळ्या चाली उरतात, तिकडे आधी जावे. मधल्या १६ घरांतून आठ-आठ चाली निघतात, कोपऱ्यातून दोनच. कोपरे मागे राहिले की अडकतात. नियम हमखास नाही, म्हणून बॅकट्रॅकिंग काढून टाकू नये.

५×५ च्या पटावर एका रंगाची १३ व दुसऱ्याची १२ घरे असतात. घोडा दर चालीला रंग बदलतो. तेव्हा १२ वाल्या रंगावरून निघाल्यास फेरी अशक्यच. इथे कोडमध्ये चूक शोधत बसणे व्यर्थ.

बुद्धिबळ खेळल्याने प्रोग्रॅमिंग सुधारते, या दाव्याला आधार तोकडा आहे. साला व गोबे या संशोधकांच्या २०१६ च्या आढाव्यात गणितावरील परिणाम माफक दिसला, तोही बऱ्याचशा सैल रचनेच्या प्रयोगांतून. विल्यम चेस व हर्बर्ट सायमन या संशोधकांच्या १९७३ च्या प्रयोगात खऱ्या डावातील मोहरे निष्णात खेळाडूंच्या चांगले लक्षात राहिले. वाटेल तसे मांडल्यावर ही आघाडी जवळजवळ नाहीशी झाली.