बेल वाजते, पण आवाज एकाच बाजूने: पार्श्वभूमी

नारायण पेठेतल्या आमच्या ऑफिसात ॲस्टरिस्क, म्हणजे संगणकावर चालणारं टेलिफोन एक्स्चेंज, बसवल्यावर पहिला फोन नाशिकच्या शाखेला लावला. बेल गेली, पलीकडून उचलला. आमचं बोलणं तिकडे स्वच्छ पोचत होतं. इकडे मात्र शुकशुकाट. शेवटी नाशिकहून मोबाइलवर फोन आला, "अहो, केव्हाचे ओरडतोय आम्ही!" फायरवॉलमध्ये, म्हणजे नेटवर्कच्या दारावरच्या पहारेकऱ्याकडे, ५०६० पोर्ट (फोनचं बोलावणं येण्याचा क्रमांकित दरवाजा) उघडा आहे ना, हे तीनदा पाहून झालं. उघडाच होता. दुखणं त्याहून जुनं होतं.

इंटरनेटवरच्या यंत्रांचे जुन्या पद्धतीचे (आयपीव्ही४) पत्ते जगात सुमारे ४३० कोटी. ते पुरणार नाहीत हे दिसू लागल्यावर १९९४ मध्ये आरएफसी १६३१ ने (आरएफसी म्हणजे इंटरनेटच्या नियमांचा क्रमांकित दस्तऐवज) नॅटची, म्हणजे वाटेत पत्ता बदलून देण्याची, कल्पना मांडली: अख्ख्या ऑफिसाला बाहेर एकच पत्ता, आत प्रत्येक यंत्राला खासगी. आपल्या पेठेतल्या वाड्यासारखंच की! पोस्टमनला घर क्रमांक ठाऊक. माडीवर कोण आणि जिन्याखालच्या खोलीत कोण, हे वाड्यातल्यांनाच. १९२.१६८ ने सुरू होणारे आपल्या ओळखीचे खासगी पत्ते आरएफसी १९१८ मधले, फेब्रुवारी १९९६ चे. गंमत म्हणजे आवाज वाहून नेणाऱ्या आरटीपीचा आरएफसी त्याच्या जेमतेम महिनाभर आधीचा, जानेवारी १९९६ चा.

मार्च १९९९ मध्ये सिप, म्हणजे इंटरनेटवरून फोन जोडून देण्याची नियमावली, आलं. हेनिंग शुल्झरिन हे आरटीपी आणि सिप या दोन्हींच्या कर्त्यांपैकी एक. सिप फक्त बोलावणं पोचवतं. आवाज कुठल्या पत्त्यावर, कुठल्या पोर्टवर पाठवायचा, हे त्या निरोपाच्या पोटात लिहिलेलं असतं. नॅट पाकिटावरचा पत्ता बदलतं, आतली चिठ्ठी वाचत नाही. आमच्या सर्व्हरने चिठ्ठीत लिहिलं होतं १९२.१६८.१.१०, म्हणजे 'जिन्याखालची खोली'. कुठल्या वाड्यातली, ते नाहीच! नाशिककरांचं ओरडणं तिकडच्या तिकडेच विरलं.

त्याच १९९९ साली अमेरिकेत मार्क स्पेन्सर या विद्यार्थ्याने, विकतचं टेलिफोन एक्स्चेंज परवडेना म्हणून, ॲस्टरिस्क लिहायला घेतलं. भारतात इंटरनेट टेलिफोनीला परवानगी मिळाली १ एप्रिल २००२ रोजी, तीही देशातले साधे फोन नंबर वगळून.

नॅटवरचे उतारे मागाहून येत राहिले. २००३ मध्ये स्टन (आपला बाहेरचा पत्ता विचारून घेणं) आणि आरपोर्ट (निरोप जिथून आला त्याच पोर्टवर उत्तर देणं), २०१० मध्ये टर्न (मधल्या सर्व्हरमार्फत आवाज पाठवणं) आणि आइस (चालणारी वाट शोधणं). ॲस्टरिस्कवाल्यांनी तर आयएएक्स हा स्वतःचाच प्रोटोकॉल काढला. त्याच्या दुसऱ्या आवृत्तीत बोलावणं आणि आवाज दोन्ही ४५६९ या एकाच पोर्टमधून जातात. मला ही युक्ती आजही सर्वांत शहाणपणाची वाटते. पण फोन बनवणाऱ्यांनी सिप धरलं, विषय संपला. राउटरवाल्यांनी मदत म्हणून सिप एएलजी घातलं. ते चिठ्ठी उघडून पत्ता खोडतं, बऱ्याचदा अर्धवट खोडतं. आधी ते बंद करा, मग बाकीचं बोलू.

आमचं काम अखेर सिपच्या फाइलीतल्या दोन ओळींनी झालं: एक्स्टर्नआयपीपुढे बाहेरचा पत्ता, लोकलनेटपुढे आतलं नेटवर्क. राहिले आवाजाचे पोर्ट. नमुन्याच्या फाइलीत १०००० ते २०००० असे दिलेले असतात, आणि तो आकडा ऐकून फायरवॉल सांभाळणाऱ्याचा चेहरा उतरतो. एका फोनच्या आवाजाला सहसा दोन पोर्ट लागतात. पंधरा फोनांच्या ऑफिसाला १०००० ते १०१९९ रग्गड झाले. मात्र आरटीपीच्या फाइलीत आणि फायरवॉलमध्ये तोच आकडा हवा. (हे सगळं ॲस्टरिस्कमधल्या चॅन-सिप या सिप सांभाळणाऱ्या जुन्या भागातलं. २०२३ च्या २१व्या आवृत्तीत ते काढून टाकलं; त्याच्या जागच्या पीजेसिपमध्ये हीच कामं वेगळ्या नावांनी होतात.)

पुढच्याच गुरुवारी दुरुस्तीसाठी वीज गेली. आली तेव्हा राउटर नवा पत्ता घेऊन उठला आणि नाशिकचा आवाज पुन्हा बंद. मग एक्स्टर्नआयपी काढून एक्स्टर्नहोस्ट घातलं आणि आकड्याऐवजी डायनॅमिक डीएनएसवरचं, म्हणजे पत्ता बदलला तरी नव्या पत्त्याकडे नेणारं, नाव लिहिलं. आता गुरुवारी वीज गेली तरी फक्त चहाचीच पंचाईत होते.