जुन्या जीपमध्ये मोठं इंजिन : वडापपासून आरसी बुकापर्यंत

सोलापुरात जुन्या जीपमध्ये मोठं इंजिन घालणं हा आता हौशी मंडळींचा नाद समजला जातो. पण ही रीत हौसेपोटी पडलेली नाही, ती वडापनं, म्हणजे माणसागणिक भाडं घेऊन प्रवासी वाहणाऱ्या खासगी जीपगाड्यांनी पाडली. अक्कलकोट, बार्शी, मंगळवेढ्याकडची एसटी चुकली की वडापचाच आधार, आणि पेट्रोलवर वडाप करून कुणाचं घर चाललं नसतं.

खरं तर ही खोड जीपच्या रक्तातच आहे. दुसऱ्या महायुद्धातल्या अमेरिकन विलीज जीपचं इंजिन 60 अश्वशक्तीचं होतं. 1953 साली सीजे-3बी हे मॉडेल काढताना कंपनीनं त्याच 2.2 लिटर इंजिनाचे इनटेक व्हॉल्व्ह, म्हणजे हवा-पेट्रोल आत घेणाऱ्या झडपा, वर हेडमध्ये (इंजिनाच्या माथ्यावरच्या भागात) नेले. ताकद वाढली, पण इंजिन उंच झालं आणि बॉनेटखाली मावेना, म्हणून बॉनेटच वर उचललं. महिंद्राची सरकारी कचेऱ्यांसमोर वर्षानुवर्षं उभी असलेली उंच नाकाची जीप ती हीच.

1973 च्या तेलसंकटानं पेट्रोल भडकलं आणि सगळं फिरलं. महिंद्रानं इंटरनॅशनल बी-275 ट्रॅक्टरच्या घराण्यातलं डिझेल इंजिन जीपमध्ये घातलं, एमडी 2350. जड, आवाजी, धूर ओकणारं, पण ट्रॅक्टरच्या मिस्त्रीला डोळे झाकून उघडता येईल असं. पुढे प्यूजोच्या परवान्यावरचं 2112 सीसीचं एक्सडीपी आलं, मग 2498 सीसीचं, नंतर 2523 सीसीचं डीआय (डायरेक्ट इंजेक्शनचं). लिलावात निघालेली पेट्रोल जीप घ्यायची आणि अपघातातल्या गाडीचं डिझेल मशीन तिच्यात बसवायचं, हा धंदाच होऊन बसला. कुणी टेम्पो ट्रॅक्समधलं मर्सिडीज घराण्याचं 2.4 लिटरचं इंजिनही घालत.

गिरण्या आणि यंत्रमागांच्या या शहरात लेथवाल्यांची वानवा कधीच नव्हती, आणि इंजिन बदलताना खरं काम लेथवरच असतं. नव्या इंजिनाची भोकं जुन्या बेल हाऊसिंगशी (इंजिन आणि गिअरबॉक्स जोडणाऱ्या खोक्याशी) जुळत नाहीत, म्हणून मध्ये जाड लोखंडी प्लेट टर्न करून घालावी लागते. ती केसभर जरी तिरकी बसली तरी गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टचं बेअरिंग बोंबलायला लागतं. मग माउंटिंग नव्यानं वेल्ड करा, चेंबर (इंजिनाखालचं ऑइलचं भांडं) पुढच्या अॅक्सलला लागतोय का ते बघा, रेडिएटर मोठा घाला. डिझेलच्या वजनानं पुढचे पाटे बसतात, तिथं एखादा पाटा वाढवा.

एवढं करूनही डिफरन्शियल, म्हणजे गिअरबॉक्सकडून आलेल्या शाफ्टचे फेरे चाकांना देणारा गिअरसंच, जुनंच राहतं, आणि घोडं तिथंच अडतं. जुन्या जीपचं प्रमाण 5.38, म्हणजे चाकाच्या एका फेऱ्यात शाफ्टचे 5.38 फेरे. मूळ मापाच्या टायरवर ताशी 60 किलोमीटरला इंजिन टॉप गिअरमध्ये साधारण 2400 फेरे मारतं. पेट्रोल इंजिनाला ते काहीच नाही, पण ट्रॅक्टरच्या जातीचं डिझेल तिथं धापा टाकतं. पुणे रस्त्यावर अशी जीप पळवण्यात मजा नाही. काळ्या रानातल्या चिखलात मात्र ती भारी, हे मान्य करायला हवं.

मारुतीच्या जिप्सीची गोष्ट वेगळी. 1985 ची 970 सीसीची जिप्सी कंपनीनंच पुढे 1300 सीसीची केली, त्यामुळे जुनीत नवं इंजिन घालणं तुलनेनं सरळ. ऑक्टोबर 2014 मध्ये डिझेलचे दर सरकारी नियंत्रणातून सुटले, दोन्ही इंधनांतला फरक आटत गेला आणि डिझेल करण्याचं जुनं गणितही ढिलं पडलं.

कायदा त्याआधीच आवळला गेला होता. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 मध्ये 2000 साली दुरुस्ती झाली : आरसीतला तपशील कंपनीनं मुळात दिलेल्या तपशिलाहून वेगळा होईल असा बदल मालकाला करता येत नाही. सीएनजी किंवा बॅटरीच्या मान्यताप्राप्त संचाला सूट आहे, भंगारातून आणलेल्या मोठ्या इंजिनाला नाही. जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही केरळातल्या प्रकरणात हीच बाजू उचलून धरली. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनं अशा प्रत्येक बदलामागे 5000 रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही अशी तरतूद आली.

म्हणून एमएच-13 ची जुनी जीप घेताना रंगाआधी आरसी बघावी. कागदावर ‘पेट्रोल, 2199 सीसी’ आणि बॉनेटखाली डीआय, अशी गाडी पासिंगला अडकते आणि अपघात झाला तर विमा कंपनीच्या हाती आयतं कारण पडतं. इंजिन नंबरही ब्लॉकवर स्वतः वाचावा, वंगण पुसून, टॉर्च लावून. घासून पुन्हा ठोकलेले आकडे एका ओळीत बसत नाहीत.