बेटावरचा रेडिओ आणि नऊचा पाढा

मॉरिशसच्या पश्चिम किनाऱ्यावर फ्लिक-आँ-फ्लॅकला राहायला आलो, सामान लागलं आणि पहिल्याच रविवारी पुण्याहून आणलेला रेडिओ मी खिडकीत ठेवला. ऑफिसातल्या एकाने एका एफएम केंद्राचा आकडा कागदावर लिहून दिला होता. तो लावला तर नुसती खरखर. सोमवारी त्याला सांगितलं, तर म्हणाला, "तुम्ही किनाऱ्यावर राहता होय? मग हा आकडा तुमच्या कामाचा नाही, हा आमच्या बाजूचा."

बेट उणंपुरं 65 किलोमीटर लांब आणि 45 किलोमीटर रुंद. त्यात पुन्हा आमची बाजू आणि तुमची बाजू!

पण त्याचं बरोबर होतं. मॉरिशस म्हणजे ज्वालामुखीतून वर आलेलं बेट. मधोमध उंच पठार, भोवती तुटक डोंगर, सगळ्यांत उंच शिखर 828 मीटरचं. एफएमच्या लहरींची लांबी साधारण तीन मीटर. एवढ्या आखूड लहरी डोंगराला वळसा घालून पलीकडे फारशा उतरत नाहीत, त्यामुळे डोंगरामागे त्यांची सावली पडते. पुण्याहून मुंबईला जाताना खंडाळ्याच्या घाटात गाडीतलं गाणं मध्येच तुटतं, ते याच कारणाने.

म्हणून इथल्या केंद्रांना एका मनोऱ्यावर भागत नाही. टॉप एफएम 104.4, 105.7 आणि 106.0 असे तीन आकडे सांगतं. रेडिओ प्लस 87.7, 88.6 आणि 98.9. कार्यक्रम तोच, फक्त वेगवेगळ्या जागचे मनोरे. मग सगळीकडे एकच आकडा का नाही ठेवला? कारण दोन मनोऱ्यांच्या हद्दी जिथे एकमेकींवर चढतात, तिथे एकाच आकड्यावरच्या दोन लहरी थोड्या मागेपुढे पोचतात आणि आवाज चिरफाळतो. एफएमचा स्वभावही इथे आड येतो. दोन लहरी एकाच आकड्यावर आल्या तर संच त्यांतली जोरदार लहर धरतो आणि दुसरीला जवळजवळ गिळून टाकतो. जोर जिथे बरोबरीचा होतो, तिथे तो कधी हिला धरतो, कधी तिला. आकडे वेगळे ठेवले की ही ओढाताण संपते. ऐकणाऱ्याने मात्र आपल्या बाजूचा आकडा शोधायचा.

बाजू समजली तरी खोलीतली जागा शोधावी लागते. समोरच्या भिंतीवर आपटून परतलेली लहर आणि थेट आलेली लहर खोलीत एकमेकींत मिसळतात. काही ठिकाणी त्या एकमेकींना जोर देतात, काही ठिकाणी पुसून टाकतात. पुसलेल्या जागेपासून जोराची जागा साधारण पाव लहरीवर असते, म्हणजे पाऊण मीटरभर. माझा संच खिडकीच्या डाव्या कोपऱ्यात मुका होता. उजवीकडे दोन-अडीच फूट सरकवला आणि बाई स्वच्छ क्रिओलमध्ये, म्हणजे इथल्या रोजच्या बोलीत, भाजीचे भाव सांगू लागली. नवा संच घेण्याआधी जुना सरकवून बघावा, हे एवढं तरी फुकट आहे.

मध्यमलहरींचा, म्हणजे मीडियम वेव्हचा, कारभार निराळा. त्यांची लांबी शेकड्यांनी मीटर, त्यामुळे टेकडी-डोंगर त्या सहसा जुमानत नाहीत. शिवाय त्या जमिनीला चिकटून जातात, आणि खारं पाणी तर वीज कोरड्या खडकाच्या हजारपटीच्या घरात वाहून नेतं. त्यामुळे समुद्रावरून जाताना या लहरी फार कमी थकतात. बेटाच्या दृष्टीने ही केवढी सोय! मॉरिशसच्या सरकारी प्रसारण महामंडळाचे मध्यमलहरींवरचे जुने आकडे 684 आणि 819 किलोहर्ट्झ.

आता जरा गंमत. 684 मधल्या अंकांची बेरीज करा: अठरा. 819 ची? तीही अठरा. आकाशवाणी पुण्याचा 792 घ्या, पुन्हा अठरा. मुंबईचा 1044 घेतला तर नऊ. हा योगायोग नाही. आशिया, आफ्रिका आणि युरोपात मध्यमलहरींच्या केंद्रांत नऊ-नऊ किलोहर्ट्झचं अंतर ठेवायचं, असं 1975 साली जिनिव्हात ठरलं. पट्टा सुरू होतो 531 वर, संपतो 1602 वर, आणि मधला प्रत्येक आकडा नवाच्या पाढ्यातला. अमेरिकेत मात्र दहा-दहाचं अंतर. तिथून आणलेला आकडेवाला संच 680 वरून एकदम 690 वर उडी मारतो, आणि मधलं 684 घुसमटल्यासारखं लागतं. बऱ्याच संचांत नऊ-दहाचा खटका असतो, पण तो बॅटरीच्या खाचेत नाहीतर बटणांच्या कुठल्यातरी जोडीत असा लपवलेला असतो की माहितीपुस्तक जपून न ठेवल्याचा पश्चात्ताप होतो.

मध्यमलहरींसाठी संचाची दांडी ओढून काही फायदा नाही. खरा अँटेना आत असतो: फेराइट या चुंबकी पदार्थाची काळी कांडी आणि तिच्यावर गुंडाळलेली तार. कांडीचं टोक केंद्राकडे झालं की आवाज बसतो, कूस केंद्राकडे वळली की भरतो. त्यामुळे नको असलेलं केंद्र बुजवायचं तर संच जागच्या जागी फिरवायचा.

पश्चिम किनाऱ्यावर राहण्याचा एक फायदा मला उशिरा कळला. रेयुनियाँ हे फ्रान्सचं बेट तिकडे पावणेदोनशे किलोमीटरवर आहे, आणि त्याच्या डोंगरांनी तीन हजार मीटर ओलांडले आहेत. अँटेना किती दूरवर पोचेल याचा सोपा हिशेब असा: उंची मीटरमध्ये घ्या, तिचं वर्गमूळ काढा, 4.12 ने गुणा. उत्तर किलोमीटरमध्ये येतं. 2000 मीटरवरच्या अँटेनाला 184 किलोमीटर मिळतात. माझी खिडकी समुद्रापासून दहा मीटर वर धरली तर तिचे 13. बेरीज 197, म्हणजे मध्ये फक्त पाणी असेल तर तिकडचा एफएम इथे लागू शकतो. फ्रेंच इथल्या केंद्रांवरही बोलतात, मग ओळखायचं कसं? जाहिरातीची वाट पाहायची. किंमत रुपयांत आली तर आपलं बेट, युरोत आली तर शेजारचं.

काही दिवशी हा हिशेबही मोडतो. समुद्रालगत थंड दमट हवा आणि तिच्यावर गरम कोरडी हवा बसली की लहरी त्या थरात अडकून पृथ्वीच्या वळणाबरोबर वाकत जातात. याचं नामांकित उदाहरण आपल्या मुंबईचं. दुसऱ्या महायुद्धात तिथे 200 मेगाहर्ट्झच्या आसपास चालणारं रडार होतं. पावसाळ्याआधीच्या उन्हाळ्यात त्याला अरबस्तानातले प्रतिध्वनी मिळत, तेही हजार मैलांहून लांबचे.

एवढा खटाटोप कशाला, फोनवर सगळी केंद्रं लागतात की, असं कुणी म्हणेल. लागतात, वारा पडलेला असतो तोवर. इथे नोव्हेंबरपासून मेपर्यंत चक्रीवादळांचा मोसम. इशाऱ्यांच्या एक ते चार अशा पायऱ्या आहेत. चौथी लागते तेव्हा ताशी 120 किलोमीटरचे झोत बेटावर आलेले असतात, वीज आणि मोबाइलचा भरवसा नसतो, आणि चार सेलवरचा रेडिओ घरातली सगळ्यांत शहाणी वस्तू ठरतो. त्यामुळे माझ्यापुरतं चांगलं केंद्र कोणतं, तर बातमी मला समजेल अशा भाषेत देणारं आणि डोंगराच्या माझ्या बाजूला नीट पोचणारं. गाणी त्यानंतर.

भाषांची इथे चणचण नाही. सरकारी प्रसारणात क्रिओल, फ्रेंच, हिंदी, भोजपुरीबरोबर मराठीलाही जागा आहे. इथल्या मराठी घराण्यांचे पूर्वज एकोणिसाव्या शतकात उसाच्या मळ्यांवर मजुरीला आले, आणि गणेश चतुर्थीला देशाला सुट्टी असते. आमच्या मागच्याच अंगाला, कास्काव्हेलमध्ये, जुनी मराठी वस्ती आहे.

खिडकीच्या चौकटीवर मी पेन्सिलने दोन खुणा करून ठेवल्यात, एक इथल्या केंद्राची, एक रेयुनियाँची. कामवाल्या मावशी पुसताना संच हमखास तिसऱ्याच जागी ठेवतात.