‘हँग अप’मधली खुंटी

‘शी हंग अप ऑन मी’ म्हणजे मी बोलत असतानाच तिने फोन आपटला. हातातल्या मोबाइलवर टांगण्यासारखं काही नाही, पण क्रियापद अजून खुंटीलाच अडकलेलं आहे.

ग्रॅहॅम बेलला टेलिफोनचं पेटंट १८७६ मध्ये मिळालं. पुढे भिंतीवर लाकडी पेटीचे फोन आले. त्यात बोलायचं तोंड पेटीला पक्कं बसवलेलं, आणि ऐकायचा रिसीव्हर वेगळा, बाजूच्या आकड्याला टांगलेला. हा आकडा म्हणजेच स्विच. रिसीव्हरच्या वजनाने तो खाली दबला की सर्किट तुटे, रिसीव्हर उचलला की स्प्रिंगने वर येऊन जुळे. टांगायला विसरलं तर बोलणं संपल्यावरही पेटीतल्या बॅटरीचा करंट वाहत राही आणि सेल उतरत.

मुंबईत एक्स्चेंज सुरू झालं १८८२ मध्ये. त्या काळच्या हँडलवाल्या फोनवर बोलणं संपलं की पुन्हा हँडल फिरवून ऑपरेटरला कळवावं लागे. इंग्रजांचं ‘रिंग ऑफ’ तिथलं. मग करंट एक्स्चेंजमधूनच येऊ लागला. रिसीव्हर टांगताच ऑपरेटरच्या बोर्डावर दिवा लागे, ती प्लग उपसून घेई. हँडलचं काम संपलं, नुसतं ‘हँग अप’ पुरलं.

अमेरिकेत ‘बेल सिस्टिम’ या टेलिफोन कंपन्यांच्या समूहाने १९२७ मध्ये आडवा ठेवायचा हँडसेट आणला, बोलायचं आणि ऐकायचं एकाच दांडीत. तेव्हापासून टांगणं गेलं, ठेवणं आलं, आणि आपलं ‘फोन ठेव’ या ठेवण्याशी तंतोतंत जुळतं. त्याचं शब्दशः ‘कीप द फोन’ करू नये. इंग्रज माणूस त्याचा अर्थ ‘फोन तुलाच राहू दे’ असा घेईल. ‘पुट द फोन डाउन’ चालतं. ‘कट द कॉल’ भारतात सगळ्यांना कळतं, बाहेर कानाला खटकतं.

भूतकाळी रूप ‘हंग’. ‘हँग्ड’ फाशीसाठी. खरी मेख ‘ऑन’मध्ये आहे: ‘आय हंग अप’ म्हणजे फोन ठेवला, एवढंच, ‘हंग अप ऑन हिम’ म्हणजे त्याचं बोलणं तोडून ठेवला. ‘ही हंग अप मी’ हे चूकच. आणि ‘ही इज हंग अप ऑन हर’मध्ये फोन नाहीच, गडी तिच्यात अडकून पडलाय. ‘हँग ऑन’ तर अगदी उलट: थांबा, ठेवू नका.

रिसीव्हर टांगायच्या त्या आकड्याचा एक उपयोग मात्र कंपन्यांनी योजलेला नव्हता. फिरता डायलसुद्धा सर्किटच तोडतो: ३ साठी तीनदा, ० साठी दहादा. म्हणून डायलला कुलूप घातलेलं असलं तरी हँडसेटखालचं बटण, म्हणजे त्या आकड्याचंच नवं रूप, तितक्याच वेळा भराभर दाबून नंबर लावता येई. नंबरातल्या दोन अंकांमध्ये क्षणभर थांबायचं, नाहीतर २ आणि ३ चे एकत्र ५ होत.