बावन्नातून सत्तावीस

दहावीचा निकाल लागला की नागपुरात चौकाचौकांत फ्लेक्स लागतात. नव्वद टक्क्यांवरच्या मुलांचे फोटो, खाली शाळेचं नाव. तेवढ्यावरून तिथले शिक्षक कसे, हे आपण ठरवून मोकळे होतो. मूल आधी कुठे होतं, शिकवणी कुणाची होती, हे त्या फोटोत कुठून दिसणार?

म्हणून संशोधक वर्षाच्या आरंभीचे आणि अखेरचे गुण ताडून पाहतात. ही रीत जास्त न्याय्य, पण तीही डळमळते. तीस मुलांच्या वर्गात परीक्षेच्या दिवशी चौघं तापानं फणफणली तरी सरासरी घसरते. अमेरिकन स्टॅटिस्टिकल असोसिएशननं २०१४ मध्ये स्पष्टच सांगितलं: बहुतेक अभ्यासांनुसार मुलामुलांच्या गुणांमधल्या तफावतीत शिक्षकांचा वाटा १ ते १४ टक्केच असतो.

मला खरा धक्का दिला तो अमेरिकी हवाई दलाच्या अकादमीतल्या अभ्यासानं. स्कॉट कॅरेल आणि जेम्स वेस्ट यांनी तो २०१० मध्ये प्रसिद्ध केला. तिथे कुणाला कुठला प्राध्यापक मिळेल हे चिठ्ठी टाकल्यासारखं ठरतं आणि पेपर सगळ्यांना एकच असतो. दहा हजारांवर विद्यार्थ्यांची नोंद तपासली. गणितातल्या कॅलक्युलसच्या पहिल्या पेपरात नवख्या प्राध्यापकांची मुलं पुढे होती, आणि जास्त गुण मिळवून देणाऱ्यांनाच मुलांनी चांगलं म्हटलं होतं. पण त्यापुढच्या विषयांत अनुभवी प्राध्यापकांची मुलं वरचढ ठरली. म्हणजे यंदाचे गुण आणि मुलांची पसंती, दोन्ही फसवू शकतात.

मग यंदाच पाहायचं तर काय पाहायचं? माझ्या मते, मुलाची चूक, आणि शिक्षक तिचं काय करतात ते.

तिसरीतलं पोर वहीत ५२ − २७ = ३५ लिहितं. ही चूक वेंधळेपणाची नाही. दोनातून सात जात नाहीत, म्हणून त्यानं सातातून दोन वजा केले. नुसती लाल फुली मारली तर उद्या तेच होणार. "कसं केलं, सांग बरं," असं विचारून काड्यांची एक जुडी सोडून दाखवणाऱ्या मॅडमना चुकीचं मूळ ठाऊक असतं. अमेरिकेत फिलिप सॅडलर आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये विज्ञानाच्या १८१ शिक्षकांचा अभ्यास मांडला. बरोबर उत्तराबरोबरच मुलं हमखास कुठलं चुकीचं उत्तर निवडतील हेही ज्यांना ओळखता आलं, त्यांच्याकडे मुलं अशा अवघड प्रश्नांत जास्त शिकली.

पालकसभेत मी आता टक्के विचारत नाही. "माझं पोर सध्या नेमकं कुठे अडतंय?" एवढंच विचारते. गेल्या खेपेला मॅडमनी उत्तर देण्याआधी त्याची वही मागवली, चार पानं मागे गेल्या आणि एका हातच्यावर बोट ठेवलं.