लुआतले चौकटी कंस फक्त क्रमांकांसाठी नसतात

लुआ ही प्रोग्रॅमिंगची भाषा. तिच्या टेबलमध्ये प्रत्येक व्हॅल्यू एका ‘की’खाली, म्हणजे क्रमांक किंवा नाव अशा खुणेखाली, साठवली जाते. ‘लुआच्या टेबलमध्ये क्रमांक असेल तर चौकटी कंस, नाव असेल तर टिंब’ हा नियम नवशिक्यांना सर्रास सांगितला जातो. तो चुकीचा आहे आणि त्यातून निघणारे बग शोधताना जीव मेटाकुटीला येतो.

टिंब ही निव्वळ लिहिण्याची सोय. टेबलचं नाव गुण असेल तर गुण.गणित म्हणजेच गुण["गणित"]. (इथे नावं देवनागरीत आहेत, कोडमध्ये ती रोमन लागतात.) दोन्हींचा बाइटकोड (लुआ प्रत्यक्षात चालवते ते कोडचं रूप) सारखाच बनतो, त्यामुळे ‘टिंब जास्त वेगवान’ हा समजही सोडून द्या.

खरी गफलत अवतरणचिन्हं गाळली की होते. गुण[गणित] लिहिलंत तर लुआ आधी गणित नावाचं व्हेरिएबल शोधते आणि त्यातली व्हॅल्यू ‘की’ म्हणून वापरते. असं व्हेरिएबलच नसेल तर ‘की’ निल, म्हणजे ‘काहीच नाही’, ठरते. त्या जागी काही साठवायला गेलात तर लगेच एरर येते, पण नुसतं वाचलंत तर गुपचूप निल हाती पडतं आणि प्रोग्रॅम पुढे कुठेतरी भलत्याच ओळीवर कोसळतो. मला ही दुसरी गत जास्त घातक वाटते.

उलट बाजूही बघा. लूपमध्ये विषय हे व्हेरिएबल बदलत असेल तर गुण[विषय] हवं, गुण.विषय लिहिलं की दर फेरीला ‘विषय’ याच नावाची की शोधली जाईल.

कीमध्ये स्पेस किंवा हायफन असेल, ती ‘एंड’सारखा राखीव शब्द असेल, तर कंसांना पर्याय नाही. आणि गुण[१] व गुण["१"] या दोन वेगळ्या नोंदी आहेत. फाइलमधून ओळ म्हणून वाचलेला आकडा स्ट्रिंग, म्हणजे मजकूर, असतो, म्हणून आधी ‘टूनंबर’ वापरून त्याची संख्या करा.